कलाबाईला डाळीवरून उठवलं

"डॉक्टरबाई, कलाबाईला आजपासून घरी बसवतोय," मॅनेजर फोनवर म्हणाले. "बाकीच्या बायका डाळीला हात लावायला तयार नाहीत."

नव्वदनंतरची गोष्ट. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी आठवड्यातून दोनदा कामगार तपासायला जायचे. कलाबाई तिथं डाळ निवडायची. नवरा एड्सने गेला तेव्हा तिचंही रक्त तपासलं होतं. एचआयव्ही पॉझिटिव्ह. पुढे ती पंधरा दिवस तापाने घरी होती. बरी झाल्यावर मी कामाचं सर्टिफिकेट दिलं आणि सवयीने त्यावर एचआयव्हीही लिहिला. क्लार्कने वाचलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मिलला कळलं.

चूक माझी होती. कामगार फिट आहे की नाही, एवढंच मालकाला कळायला हवं.

मी पोचले तेव्हा बायका गोडाउनबाहेर बसल्या होत्या. कलाबाई फाटकाशी, तोंडाला पदर लावून.

"तिना हात लागेल डाय लोके खातीन. त्यासले व्हई ना?" जनाअक्का म्हणाली. ती सगळ्यांत वयस्कर.

"नाही होणार, अक्का. हात लावल्यानं, घामातून, एका माठातल्या पाण्यातून हा रोग पसरत नाही. रक्तातून पसरतो."

"मंग दाभण टोचायनं तर?"

प्रश्न बरोबर होता. पोती शिवायची ती जाड सुई सगळ्याजणी एकच वापरायच्या.

"प्रत्येकीनं आपापलं दाभण ठेवायचं. टोचलं तर साबणाने धुऊन पट्टी बांधायची. दुसरीच्या रक्ताला उघडा हात लावायचा नाही. मग ती कोणीही असो."

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाहेर कळलं तर माल कोण घेईल?"

"माझ्या चुकीनं तिचं काम गेलं तर मीही येणार नाही."

"बघू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाभणं आली, कलाबाईही आली. जनाअक्का तिच्या शेजारी बसली. बाकीच्यांतल्या दोघीजणी मात्र काम सोडून गेल्या.

पुढच्या आठवड्यात सगळ्या गेल्यावर कलाबाई थांबली.

"डॉक्टरबाई, मन्ही पोरले जवळ लिसन झोपू का?"

पोर पाच वर्षांची. रिपोर्ट आल्यापासून ही तिला शेजारणीकडे झोपवत होती. तिची वेणीसुद्धा घालत नव्हती.

"कोणी सांगितलं तुला असं?"

"कोनीच काही सांगं नही."

"खुशाल झोप. एका ताटात जेवा."

ती भराभर चालत गेली.

बायकांना मी तासभर समजावलं होतं. जिला सगळ्यांत आधी सांगायचं, तिच्यावर मी विचारायची वेळ आणली.