कवटीवाली रडकी बाई

आज शेजारच्या सेलिनाच्या माहेरी जुन्या चित्राची चौकट उघडली, आणि त्या कुबट कागदाच्या वासाने मला थेट तिच्या लग्नाच्या बोलणीत नेऊन बसवलं.

पोर्तुगीजांनी म्हणे आधी हे छापचित्र टांगलं, मग वसईचा किल्ला बांधला! काळ्या बारीक रेघांत आभाळाकडे बघून पश्चात्तापाने रडणारी कुणी संत बाई, मांडीवर कवटी, पायाशी फेकलेले दागिने. आसवं इतकी, की आमची केळीची बाग भिजावी.

कळंबहून आलेली नवऱ्यामुलाची आजी चहा ठेवून उठली. "कोनाची कवटी ही? असल्या घरातली पोर नको."

सेलिनाची आई पांढरीफटक. मी गावच्या नाटकातला हुकमी रड्या, सरसावलो. "आजी, कवटी म्हणजे गर्व. तो मेला, म्हणून बाई आनंदाने रडते!" हात पसरून तसं रडूनही दाखवलं.

आजी माझ्याकडे बघत परत खाली बसली. लग्न ठरलं.

इतकी वर्षं ही फुशारकी मिरवली. आज सेलिनाला विचारलं, "आजीला पटलं कसं गं?"

"कुठे पटलं? परतताना यांना म्हणाली, कवटी म्हंजे मरन, मला काय कळत नाय? पन शेजारी ज्या घरासाठी एवढं खोटं रडतो, तिथली पोर चांगलीच असनार."