हरेशची दोन कार्डं

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या धक्क्यावर मशीनने पहिलं कार्ड वाचलं. वेळ मला पाठ आहे, कारण पेजवर ती अजून तशीच आहे, सगळ्यात खाली. नंतर जे जे झालं ते तिच्यावर चढत गेलं. मासळी साफ करून उठलं की कोपरापर्यंत खवले चिकटलेले असतात. कधी चिकटले ते कळत नाही. किस्स्यांचं तसंच आहे. परवा बायका म्हणाल्या, तू सांगतेस ते एकदा लिहून तरी ठेव. म्हणून बसलेय.

आधी मशीन काय ते सांगते. आमचा कोळीवाडा मुरुडच्या अलीकडे. प्रणाली आमच्याच आळीतली पोरगी, डिप्लोमा करून अलिबागला नोकरीला लागली. तिने बिस्किटाएवढं एक हिरवं बोर्ड आणलं, त्याला चार-पाच वायरींनी कार्ड वाचायचा रीडर जोडला आणि मच्छीमार सोसायटीच्या शेडच्या खिडकीत बसवला. प्रत्येक खलाशाला एक पांढरं कार्ड. होडीवर जाताना कार्ड लावायचं, टिंग वाजतं, आणि बोर्ड वायफायवरून पेजला कळवतं. नावापुढे लाल ठिपका येतो, म्हणजे माणूस समुद्रात; खाली प्रत्येक टिंगची वेळ लिहून राहते. परत येऊन लावलं की ठिपका हिरवा, म्हणजे माणूस धक्क्यावर. पेज सगळ्यांच्या फोनमध्ये दिसतं. पनवेलला दिलेल्या पोरीलासुद्धा तिथं बसून कळतं, बाप आला की नाही.

तर पहिलं कार्ड सोसायटीच्या सेक्रेटरीभाऊंनी लावलं, सहा चाळीसला. सहा बेचाळीसला त्यांनी नारळ फोडला. नवीन होडीला फोडतात, मग मशीनला का नको? खिडकीच्या दगडावरच फोडला. अर्धं पाणी दगडावर, अर्धं बोर्डावर. मशीनने दहा-बारा वेळा टिंग टिंग केलं आणि ते गप्प झालं. सगळ्यांना वाटलं, प्रसाद पावला.

प्रणालीने स्क्रू काढले, बोर्ड पुसलं आणि पत्र्यावर जवळा वाळत होता त्याच्या शेजारी उन्हात ठेवलं. दुपारी चारला ते चालू झालं. जवळ्याचा वास मात्र अजून आहे. मग तिने ते प्लास्टिकच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि सेक्रेटरीभाऊंना एवढंच म्हणाली, "भाऊ, हळद-कुंकू चालंल. आंघोळ नको."

* * *

माझा तिथं काय संबंध, तर माझा नवरा हरेश खलाशी. आमची ओवी चार वर्षांची. होडी गेली की मला घरात बसवत नाही. मशीन यायच्या आधी मी दिवसातून तीनदा धक्क्यावर जाऊन विचारायची, होडी दिसली का. एकदा विचारायला गेले तेव्हा हरेश अजून दोरी सोडत होता. त्याने मला बघितलं आणि तोंड फिरवून हसला.

सेक्रेटरीभाऊ वैतागले. म्हणाले, "तू येतेसच रोज. मग इथंच बस. सातवी झालीस ना?" सातवी म्हणजे नावं वाचता येतात, आकडे वाचता येतात. मशीनला तेवढं पुरतं. तेव्हापासून रीडर पुसणं, कार्ड देणं, पेज बघणं माझ्याकडे. प्रणालीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की वहिनी, पेज आपोआप हलतं, तुम्ही सारखं बोटाने खाली ओढू नका. मी बरं म्हटलं. बोट ऐकत नाही.

* * *

धर्माकाका आमच्या होडीचे तांडेल. होडी त्यांच्या हुकमाने चालते. ते समुद्राला दोनदा हात लावून नमस्कार करतात, म्हणून कार्डही दोनदा लावलं. आता मशीनला नमस्कार कळत नाही. पहिल्या टिंगला काका समुद्रात, दुसऱ्याला धक्क्यावर. पाच वाजून दोन मिनिटांनी गेले, पाच वाजून दोन मिनिटांनी आले.

घरी काकीने फोन बघितला. हिरवा ठिपका. म्हणजे म्हातारा गेला नाही. चहा ठेवला, तो आटला. भाकऱ्या केल्या, त्या गार झाल्या. दुपारपर्यंत ठिपका हिरवाच आणि माणूस काही घरी येईना. संध्याकाळी काका थकून, मिठाने पांढरे होऊन दारात आले. काकी उंबऱ्यातच उभी.

"दिवसभर धक्क्यावर होतात. कुणापाशी?"

काकांचं वय पासष्ट. ते मला म्हणाले, सूनबाई, त्या मशीनला सांग माझा संसार मोडू नको. मग प्रणालीने तिकडून काहीतरी बदललं आणि तेव्हापासून एकदा कार्ड लागलं की त्या माणसाचं पुढची दहा मिनिटं पुन्हा वाचत नाही. काका आजही दोनदा लावतात. दुसऱ्या वेळी मशीन गप्प राहतं.

* * *

होडीवर पद्धत अशी की सगळ्यांच्या किमती वस्तू तांडेलाच्या पेटीत. फोन, तंबाखू, गळ्यातली चेन. मग कार्डंही तिथंच गेली. रशीदचाचा दुसऱ्या होडीचे तांडेल. त्यांनी आपल्या सहाही खलाशांची कार्डं एका दोरीत ओवली आणि खिडकीपाशी उभं राहून एक एक लावायचे, मास्तर हजेरी घेतात तसे.

एके दिवशी त्यांच्यातला नाना गेलाच नाही. कंटाळा आला, दुसरं काही नाही. दोरीत त्याचं कार्ड होतं, तेही लागलं. दुपारी नानाच्या मेहुणीने मुरुडच्या एसटी स्टँडवर त्याला उसाचा रस पिताना बघितलं आणि बहिणीला फोन केला. नानाच्या बायकोने पेज उघडलं. लाल ठिपका. ती म्हणाली, "समुद्रात हाय तो. तू दुसऱ्याला बघितलंस."

मेहुणी म्हणाली, "मग समुद्रात उसाचं गुऱ्हाळ हाय. शर्ट निळा चौकडीचा हाय ना?"

यावर धक्का आठ दिवस हसला. मला हसू आलं नाही. मी रशीदचाचांना विचारलं, चाचा, समजा सहा गेले आणि पाच आले, तर तुमच्या दोरीत कार्डं किती? चाचांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून चाकू काढला आणि उभ्या उभ्या दोरी कापली. एकेकाच्या हातात कार्ड ठेवताना म्हणाले, "ज्याचं त्याने लावायचं. ओल्या हाताने लावा, पण स्वतः लावा." तेव्हापासून तोच नियम.

* * *

काशीदला फिरायला आलेली माणसं कधीकधी मासळी घ्यायला आमच्याकडे उतरतात. त्यातल्या कुणीतरी गंमत म्हणून आपलं कुठलंसं कार्ड खिडकीला लावलं असणार. मी पेज उघडलं तर सगळ्यात वर लाल ठिपका आणि पुढे लिहिलेलं, अनोळखी, समुद्रात.

संध्याकाळी सगळ्या होड्या आल्या. सगळी नावं हिरवी. अनोळखी लालच. सेक्रेटरीभाऊ शेडला कुलूप लावायला लागले. मी म्हटलं, भाऊ, एक माणूस बाहेर हाय. कोण? माहीत नाही. कुणाच्या होडीवर? माहीत नाही. ते म्हणाले, अगो, मग तो परत आलेला तुला कळणार तरी कसा? प्रणालीने दुसऱ्या दिवशी अलिबागहून ते नाव काढून टाकलं. मी मात्र आणखी दोन दिवस समुद्राकडे बघत होते.

* * *

आता हरेशचं. जाळं ओढताना त्याचं कार्ड पाण्यात पडलं. तसं तो म्हणाला. मी त्याला नवीन कार्ड दिलं, पेजवर त्याच्या नावाला जोडलं. चार दिवसांनी जुनं कार्ड त्याच्याच रेनकोटच्या अस्तरात सापडलं. प्रणाली फोनवर म्हणाली, वहिनी, जुनं बंद करा, नावापुढे बटण आहे, ते दाबा.

मी दाबते म्हटलं. दाबलं नाही. नवीन खरोखरच पाण्यात पडलं तर? मग तो आला तरी पेजवर कसा येणार? मी जुनं कार्ड माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिलं. हे कुणाला सांगितलं नाही. एका माणसाची दोन कार्डं, दोन्ही चालू.

* * *

आणि मग तो वाऱ्याचा दिवस. दुपारी वारा सुटला. होड्यांना परत बोलावलं. तीनपर्यंत एकेक करून सगळ्या आल्या. आमची राहिली. धर्माकाका, हरेश आणि आणखी चौघे, सहा लाल ठिपके. फोन लागत नव्हते. त्या चौघांतल्या एकाची बायको, बेबीताई, माझ्याजवळ शेडमध्ये येऊन बसली. बाकीच्याही आल्या. ओवी अंगणवाडीतून आली होती, ती बाहेर मासळीच्या क्रेटशी खेळत होती. माझं बोट पेज खाली ओढत होतं.

तीन बावन्नला टिंग वाजलं आणि हरेश हिरवा झाला.

मी किंचाळलेच म्हणा. शेजारी बसलेल्या एकीने कोळीवाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंसुद्धा की हरेश आला, होडी लागली. सगळ्या धक्क्याकडे पळाल्या. मी शेडच्या दारात पोचले आणि समोर बघितलं. धक्क्याला आमची होडी नव्हती. समुद्रावर पांढऱ्या लाटा होत्या आणि दुसरं काही नव्हतं.

बेबीताई मागे फिरली. हातातला फोन माझ्यासमोर धरला. पाच लाल, एक हिरवा.

"सहा गेले. तुझा एकटा कसा आला गो?"

मला तिच्याकडे बघवेना. मी खिडकीकडे बघितलं. खाली क्रेट उलटा घातलेला. त्यावर ओवी उभी, माझी पर्स पायाशी उघडी, हातात पांढरं कार्ड. तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती समुद्राकडे बघत होती.

"लावलं," ती म्हणाली. "आता बाबा येतील."

मी तिला रागावले नाही. बेबीताईसुद्धा नाही. तिने ओवीला क्रेटवरून उचललं आणि कडेवर घेतलं. बाकीच्यांना जाऊन सांगितलंही तिनेच. मी प्रणालीला फोन लावला आणि दोन कार्डांचं पहिल्यांदा खरं सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, ठिपका मला इथून बदलता येत नाही, दहा मिनिटं थांबा आणि तेच कार्ड परत लावा, ठिपका लाल होईल. लोक चुकीचं बघतायत, लावायला पाहिजे.

बरोबरच होतं तिचं. मी कार्ड घेऊन खिडकीशी उभी राहिले. दहा मिनिटं मोजली. चार वाजून दोन मिनिटं झाली, तीन झाली, पाच झाली. कार्ड हातात होतं, रीडर वीतभर लांब होता. माझ्याच हाताने त्याला परत समुद्रात पाठवायचं, ते माझ्याने झालं नाही. सेक्रेटरीभाऊंनी ग्रुपवर लिहिलं की होडी आलेली नाही, हरेशचा ठिपका चुकीचा आहे. कार्ड लाव असं मला त्यांनी सांगितलं नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी रशीदचाचांच्या होडीने आमची होडी ओढत आणली. ते कधी परत बाहेर गेले हे मला कळलंच नव्हतं; घाईत त्यांच्यातल्या कुणी कार्ड लावलं नव्हतं. होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं. सहाच्या सहा उतरले. भिजलेले, थरथरत. धर्माकाकांनी धक्क्याला हात लावून दोनदा नमस्कार केला. मग सगळे नियमाप्रमाणे खिडकीशी आले आणि ज्याने त्याने आपापलं कार्ड लावलं. टिंग, टिंग, टिंग. पाच लाल होते ते हिरवे झाले.

हरेशनेही लावलं. मी ओरडेपर्यंत लावून झालं होतं.

पाच सव्वीस. हरेश, समुद्रात.

आता परत दहा मिनिटं थांबणं आलं. तो म्हणाला, थांबू, त्यात काय. आम्ही तिघं खिडकीशी उभे राहिलो, ओवी त्याच्या गळ्याला. सातव्या मिनिटाला वाऱ्याने कुठंतरी तार तुटली आणि सगळ्या गावाची लाईट गेली. मशीन विझलं. पेजवर मात्र जे शेवटचं आलं होतं तेच राहिलं. मुंबईपासून मुरुडपर्यंत ज्याने कुणी फोन उघडला त्याला आमच्या होडीचे पाच हिरवे दिसत होते आणि एक लाल.

घरी पोचायच्या आत पहिला फोन आला. पनवेलहून नणंद. तिच्यामागे सासूबाईंचं रडणं. मी फोन हरेशकडे दिला. तो म्हणाला, "आये, मी बोलतोय." सासूबाई तिकडून म्हणाल्या, आवाज तुझाच आहे रे, पण इथं लाल आहे. मग मामेसासरे. मग दिवेआगरहून त्याचा मित्र. हरेश तोपर्यंत भाताला बसला होता. एक घास, एक फोन. शेवटी त्याने जेवता जेवता मला सांगितलं आणि मी ग्रुपवर लिहिलं. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे.

"हरेश समुद्रात नाही. पेजवर दिसतोय तो लाल ठिपका खोटा आहे. तो माझ्यासमोर बसून बोंबलाची चटणी आणि भात खातोय, मुलगी मांडीवर आहे. लाईट येईपर्यंत पेज बघू नका. आणि ज्यांनी हे वाचलं नसेल, त्यांना तेवढं सांगा."