ताटापासून ओठांपर्यंत

वाफाळत्या भातावर कालवणाची पळी उपडी होते आणि नारळाच्या वाटणाचा, त्रिफळांचा, कोकमाच्या आंबटपणाचा असा काही संमिश्र गंध दरवळतो की नुकत्याच जेवून उठलेल्या माणसालाही पुन्हा पाटावर बसावंसं वाटावं. पण खरं सांगू? मला त्या गंधाहूनही मोह पडतो तो त्यानंतरच्या क्षणाचा. पाच बोटं भातात उतरतात, कालवतात, एक इवलासा गोळा जमवतात आणि तो टोकांवर तोलत वर येतात. ओठांशी पोचताच अंगठा मागून हलकेच पुढे सरकतो आणि घास आत लोटतो. ना मोजमाप, ना विचार. जेवणारा तर शेजाऱ्याशी मासळीच्या भावाबद्दल बोलत असतो.

मी फिजिओथेरपिस्ट. माणसांची अडलेली हालचाल पुन्हा वाहती करणं हे माझं काम, आणि ती अडते कशी, परतते कशी याचा अभ्यास हे माझं वेड. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत मी लोकांच्या बोटांकडे टक लावून बसते आणि लोकांना वाटतं, बाईचा डोळा आमच्या जिलबीवर आहे. वाटू दे. एका घासासाठी खांदा स्थिर राहावा लागतो, कोपर नेमकं दुमडावं लागतं, मनगट वळावं लागतं, भात सांडू नये आणि चुरगळूही नये इतकाच दाब बोटांना द्यावा लागतो. हे सारं आपल्याला येतं, याचा आपण कधी आनंद मानला आहे का? मानत नाही. येत असलेल्या गोष्टीचं कौतुक करायला आपल्याला सवडच नसते.

मुंबईत शिकून मी रत्नागिरीला परतले ती एक प्रश्न घेऊन. पक्षाघातानंतर हात काय करू शकतो आणि घरी गेल्यावर तो प्रत्यक्षात काय करतो, या दोहोंमध्ये दरी का पडते? दवाखान्याच्या टेबलावर जो हात शहाण्या मुलासारखा ठोकळे उचलतो, तोच घरच्या उंबरठ्याआड मांडीवर निजून का राहतो? या प्रश्नापायी मी खाडीकाठच्या वाड्यांतून हिंडते, लोकांच्या ओट्यांवर बसते, चहा पिते आणि हात न्याहाळते. याला संशोधन म्हणायचं की आगंतुकपणा, हे ज्याच्या त्याच्या चहावर अवलंबून!

अशाच एका वाडीतले दत्ताराम तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. जाळं कुठे टाकायचं आणि परत कधी फिरायचं हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो. आयुष्य समुद्रावर काढलेला हा धिप्पाड माणूस आंब्याच्या दिवसांत अंगणात कोसळला. वाडीच्या भाषेत, त्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. इस्पितळातून ते घरी आले, मग माझ्याकडे येऊ लागले. पाय लवकर वळणावर आला. हात मात्र हट्टी, अगदी मालकासारखा. तरीही पावसाळा सरता सरता तो बोटं उघडू लागला, पेला धरू लागला, ठोकळ्यांवर ठोकळा ठेवू लागला. माझ्या तक्त्यावरची रेघ वर चढत होती आणि मी खुशीत होते.

आणि त्याच दिवसांत तांडेल वाळत चालले होते. खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आली, गालफडं बसली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गिळणं तपासलं. कुठेच खोट निघाली नाही. त्यांची बायको, सुमतीकाकी, एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, अन्नावरची वासनाच उडाली बघा त्यांची. पेजेवर जगतायत. असंच चाललं तर दिवाळी बघतील का ओ?" हातात ताकद यावी म्हणून मी झटत होते आणि ती ताकद ज्याच्यातून यायची तो शिधाच बंद होता. मला भीती वाटली, साधीसरळ भीती.

दुसऱ्याच दिवशी मी जेवणवेळेला त्यांच्या घरी जाऊन बसले. माजघरात मुलगा महेश आणि बाकीची मंडळी पंगतीला होती. तांडेल मागल्या पडवीत एकटे. डाव्या हातात पेजेची वाटी, आणि ती ते घटाघट पीत होते. ती भूक होती हो! वासना उडालेला माणूस वाटीच्या तळाशी उरलेलं शीत असं बोटानं शोधत नाही. तेही उजव्या हाताच्या बोटानं, थरथरत, कुणी पाहत नाही असं समजून.

मग उलगडा झाला. आपल्याकडे जेवताना पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलतातच, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पिणं डाव्या हाताला चालतं, जेवणं चालत नाही. तांडेलांनी आपल्या परीने मार्ग काढला होता: डाव्याने पिता येईल तेवढंच अन्न. मी विचारलं तेव्हा ते भिंतीकडे बघत म्हणाले, "डावा हात ताटाला लावणार नाय मी, बाय. आणि भरवून घ्यायला मी काय तान्हा हाय? हिनं काटे काढून मासा तोंडाशी आणला तवा भिरकावून दिली ताटली." त्या दिवसापासून घरात मासळीचा विषय निघाला की ते उठून पडवीत जात.

आमच्या शास्त्रात एक उपाय आहे. बरा असलेला हात काही काळ जाड हातमोज्यात अडकवून ठेवायचा, म्हणजे दुबळ्या हाताला कामाला लागल्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि मेंदू हळूहळू नवी वाट पाडतो. पावसात पाखाडी वाहून गेली की वाडीतली माणसं शेजारून दुसरी पायवाट पाडतात, तशी. पण रुग्णांना हा मोजा नकोसा होतो, ते तो काढून फेकतात. आणि इथे एक माणूस! त्याने आपल्या रीतीच्या धाग्याने स्वतःचा डावा हात स्वतःच बांधून घेतला होता. गाठ इतकी पक्की की ती सोडवणं कुणालाच जमलं नसतं. मग ती सोडवायची कशाला?

मी सुमतीकाकींना सांगितलं, उद्यापासून काकांच्या पुढ्यात ताट ठेवा, आणि उजवा हात कितीही चुकला तरी तुम्ही मदत करायची नाही. घट्ट भात, वर घट्ट डाळ, शेजारी घावन. एका हाताने घावन तोडायचा तर बोटांना एकमेकांविरुद्ध ओढ घ्यावी लागते. यासारखा व्यायाम माझ्या सगळ्या ठोकळ्यांत नाही. काकी हो म्हणाल्या. पण भात सांडला की त्यांचा हात आपसूक पुढे जाई. तिसऱ्या वेळेला मी बघितलं तर त्यांनी आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. "माझ्याच हातांना कायतरी काम द्या ओ," त्या म्हणाल्या, "ते गप नाय राहत." मी कुळीथ निवडायला सुचवलं. मग तांडेल एकेक घास ओठांपर्यंत नेत आणि समोर काकी सुपातल्या कुळथांतले खडे वेचत, मान वर न करता. मोजा कुणाच्या हाताला हवा होता, हे मला त्या सुपाने शिकवलं. प्रेमाला मागे सारणं फार अवघड असतं. काकींनी ते दररोज केलं.

दिवस सोपे गेले नाहीत. कधी घास हनुवटीवर, कधी सदऱ्यावर. एकदा तांडेलांनी ताटच सरकावून दिलं आणि होडीवर देत असतील अशी एक सणसणीत शिवी हासडली. ती हाताला होती की मला, हे मी विचारलं नाही. पण हळूहळू भात तोंडात जाऊ लागला, आणि गालांवर मांस दिसू लागलं. तरी जागा तीच, मागली पडवी. पंगतीत या म्हटलं की मान आडवी हले. लाज वाटते का, असं मी एकदा थेट विचारलं.

"लाज कसली?" ते म्हणाले. "मी पाटावर बसलो की माझं होईतो कोण उठणार नाय. घराची रीतच हाय ती. म्हेसला जेटीवर जायचं असतं. माझा भात संपेतो भरती येऊन ओहोटी लागंल. कोणाला म्हणून अडकवू?"

इतके महिने मी त्यांचा अंगठा मोजत होते आणि ते घरच्यांचा वेळ राखत होते. वेळ न अडवणं हेच त्यांच्यातल्या तांडेलाचं उरलेलं काम होतं. यावर कोणता व्यायाम सांगायचा?

मी सांगितला नाही. फक्त त्यांचं बोलणं महेशच्या कानावर घातलं. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिला आणि जेटीकडे निघून गेला.

पुढल्या आठवड्यात मी गेले त्या दुपारी होडी पेडवे घेऊन आली होती. पेडवे म्हणजे बोटभर मासा आणि अंगभर काटा. महेशने पडवीतून बापाचा पाट उचलला आणि माजघरात पंगतीच्या टोकाला नेऊन मांडला. "बाबा, या," एवढंच म्हणाला. तांडेल कुरकुरत आले, भिंत धरून बसले. काकींनी भात वाढला, कालवण वाढलं, दोन पेडवे ताटात ठेवले आणि सूप घेऊन कोपऱ्यात गेल्या.

त्यांचा अंगठा माशाच्या पाठीवरून फिरला. घसरला. पुन्हा फिरला, थांबला, आणि त्याने तर्जनीच्या साथीने कण्याचं टोक पकडून अलगद ओढलं. काटा निघाला, अर्धाच, पण निघाला. तो ताटाच्या कडेला ठेवून त्यांनी घास जमवला. सगळ्यांची जेवणं आटोपली. बोटांवरचं कालवण वाळून पांढरं पडलं. जेटीवरून महेशला पुन्हा पुन्हा फोन येत होता. त्याने तो कोरड्या हाताने बंद करून पाटाखाली सरकवला. कुणी घाई करत नव्हतं, आणि मी भिंतीशी बसून हात मोजायचं विसरून गेले होते.

अखेर ताट रिकामं झालं. सगळ्यांनी हलकेच पाय मोकळे केले, उठायच्या बेताने. तांडेलांनी पंगतीवरून एकवार नजर फिरवली. पूर्वी जाळं टाकण्याआधी पाण्यावरून फिरवत असतील, तशी.

"भात हाय काय गो अजून?" ते म्हणाले.

काकींनी सूप बाजूला ठेवलं. सगळे पुन्हा मांडी घालून बसले.