आज काय शिजलंय?

त्या सोमवारी सकाळी वर्ग सुरू झाला आणि फोनवर रेजिना टीचरांच्या जागी एक अनोळखी बाई दिसल्या. ‘मुलांनो, आपल्या रेजिना टीचर काल देवाघरी गेल्या,’ एवढंच त्या म्हणाल्या. कुणाच्या तरी घरातला कुकर तेवढा शिट्ट्या देत राहिला. माझी भाची ओवी पलंगावर पडल्या पडल्या वर टांगलेल्या फोनकडे बघत होती. मी तो दोरीवरून काढायला हात पुढे केला, तर म्हणाली, ‘आत्या, राहू दे. अजून हजेरी व्हायचीय.’

ओवीची हाडं जन्मापासून ठिसूळ. रिक्षा खड्ड्यात आदळली तरी पायाला प्लॅस्टर. आमच्या चंदनसारचे रस्ते ज्याला ठाऊक आहेत त्याला पुढचं सांगायला नको. दुसरीत असताना तिच्या शाळेनं गोड बोलून हात वर केले... ‘आम्हाला जबाबदारी झेपणार नाही हो.’ भाऊ आणि वहिनी उजाडायच्या आत मुंबईला कामावर जातात. मी नोकरीतून मोकळी झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, तोंडानं फटकळ. ओवी दिवसभर माझ्या ताब्यात. भाऊ म्हणाला, ‘एक वर्ष राहू दे घरी, बरी झाली की बघू.’ हे एक वर्ष सरत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. पोर चार भिंतींत वाढेल, लिहायचं विसरेल आणि कुणी विचारायलाही येणार नाही. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी सरकारी ऑनलाइन वर्ग आहे. फी नाही, पुस्तकं जवळच्या मराठी शाळेतून आणायची, घरातल्या मोठ्या माणसानं शेजारी बसायचं आणि वार्षिक परीक्षेला शिक्षक घरी येणार. मोबाइलवर कसली डोंबलाची शाळा, असं मी म्हटलं खरं, पण दुसऱ्याच दिवशी नाव घातलं.

पहिल्या दिवशी हजेरी सुरू झाली आणि मी उडालेच. ‘हजर’ कुणी म्हणेचना. टीचर नाव घ्यायच्या आणि विचारायच्या, ‘आज काय शिजलंय?’ कुणी सांगायचं डाळ, कुणी बोंबील, कुणी म्हणायचं अजून काहीच नाही. लोकांच्या चुलीत डोकावायची ही काय हौस, असं मी मनात म्हटलं. मग हळूहळू उमगत गेलं. ज्या पोराला पाढे येत नाहीत त्यालाही हे उत्तर येतं. तुळिंजच्या एका मुलीचं उत्तर आठवडाभर ‘चहा-पाव’ येत राहिलं. टीचर वर्गात अवाक्षर बोलल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यात ती पोर मान उंच करून म्हणाली, ‘भात, आणि केळी. गिरीजहून आली.’ गिरीजला टीचरांची स्वतःची वाडी होती. एका मुलाच्या घरी एकच फोन, तो बापाबरोबर कामावर जायचा. त्याची हजेरी आणि त्याचा धडा टीचर संध्याकाळी, बाप घरी आल्यावर घ्यायच्या. नेट गेलं तर धडा आवाजात भरून पाठवायच्या. वहीचा फोटो पाठवला की दुपारपर्यंत उत्तर यायचं, चूक कुठे झाली आणि का झाली यासकट. मी ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण असं काम करणारं माणूस मला तिथं भेटलं नव्हतं.

ओवी मात्र बोलत नव्हती. टीचर रोज तिचं नाव घ्यायच्या, प्रश्न विचारायच्या, थांबायच्या... आणि मग शांतपणे पुढच्या मुलाकडे वळायच्या. एक दिवसही चुकला नाही. मी शेजारून कोपरानं ढोसायचे, तर टीचर म्हणायच्या, ‘आत्या, तिचं उत्तर तिचं तिला देऊ दे.’ आणि एका सकाळी ओवी पुटपुटली, ‘बिरडं.’ टीचरांनी आनंदानं टाळ्या वगैरे काही पिटल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘वाल सोलले कुणी?’ ‘मी. पडून पडून.’ मग त्या दिवशीचा भागाकार सगळ्या वर्गानं वालांवर केला आणि दाणे किती उरले ते ओवीनं सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. का लपवू?

फोन धरून तिचे हात भरून यायचे, हे मी एकदा टीचरांना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं उपाय सांगितला: खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत दोरी बांधा, कापडाची खोळ शिवा, त्यात फोन पडद्याची बाजू खाली करून अडकवा. ‘दोरी सुती घ्या, नायलॉनची सरकते. आणि डोक्याच्या वर नको, छातीच्या वर घ्या. मान अवघडत नाही, आणि पडलाच तर चेहऱ्यावर पडत नाही.’ इतकं बारीक कसं ठाऊक, असं मी विचारलं, तर हसल्या. मला आपलं वाटलं, जुन्या शिक्षिका, असतील पन्नास गोष्टी बघितलेल्या. फोनवर त्यांचा चेहरा दिसायचा, मागे कायम निळ्या फुलांचं कापड. मला तो पडदा वाटायचा. घरी या म्हटलं की म्हणायच्या, ‘येईन, येईन.’

परीक्षा घ्यायला आलेल्या बाई ओवीला बघून घुटमळल्या. आडवं पडून पेपर लिहिलेला चालेल का, हे त्यांना कळेना. मी तोंड उघडणार होते, पण त्याआधी टीचरांना फोन लावून दिला. पलीकडून सावकाश आवाज आला, ‘बाई, आपण तिला काय येतं ते बघायला आलोय. कशी बसते ते नाही.’ ओवीनं आडवं पडूनच पेपर लिहिला. पुढच्या वर्गात गेली.

टीचर गेल्याला महिना झाला. त्यांच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचंच, असा ओवीनं हट्ट धरला. भावानं तिला उचलून गाडीत ठेवलं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी गिरीजला नेली. मिस्सा झाल्यावर टीचरांची धाकटी बहीण मर्सीबाई आम्हाला केळीच्या वाडीतून घरी जेवायला घेऊन गेल्या. म्हणाल्या, ‘तिची खोली बघा.’ खोलीत एक पलंग. त्यावर निळ्या फुलांची चादर, तशाच अभ्र्याची उशी. आणि वरच्या वाशाला बांधलेली सुती दोरी, बरोबर छातीच्या वर येईल अशी. दोरीला रिकामी खोळ...

मणक्याचं दुखणं होतं बहिणीला, मर्सीबाई सांगू लागल्या. उठून बसता येत नव्हतं, ओवी वर्गात येण्याच्या आधीपासूनच. सगळा वर्ग तिनं पडून घेतला. ‘पोरांना सांगू नको म्हणायची. टीचर आजारी आहे कळलं की पोरं माझ्यापुढे मोकळी रडायची नाहीत, चुकायचीही नाहीत, म्हणायची.’ मी सहसा कुणापुढे वाकणारी बाई नव्हे. पण त्या रिकाम्या पलंगापुढे माझे हात आपोआप जोडले गेले. एवढ्या घरांतल्या एवढ्या पोरांना हिनं इथून, या उशीवरून उभं केलं होतं.

ओवी बापाच्या कडेवरून वर दोरीकडे बघत होती. कुणी काही समजावायच्या आत तिला सगळं कळलं होतं. ‘मला इथं निजव,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘असं करू नये ग.’ तर मर्सीबाईंनीच उशी सारखी केली. ‘निजू दे बायला.’ भावानं तिला अलगद ठेवलं. तिनं पाय सरळ केले, हात पोटावर घेतले आणि त्या रिकाम्या खोळीकडे बघत रोजच्या हजेरीच्या आवाजात सांगितलं, ‘टीचर, आज आमच्याकडे काहीच शिजलेलं नाही. आज आम्ही तुमच्याकडे जेवणार आहोत.’