कापलेली सही

"तोंड कोनीबी रंगवते जी, पाठ दाखवा!" कुठलंही चित्र हातात दिलं, की तो आधी पालथं करून वाळवी बघायचा. मग देवाचा फोटो असो की आमदाराचा.

नागपूरच्या महाल भागात त्याचं फ्रेमांचं दुकान होतं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे जाणं-येणं. पंच्याहत्तर सालच्या सुमारास धरमपेठेतल्या एका चित्रकार बाईंचं प्रदर्शन भरवायचं आम्ही मनावर घेतलं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. संत्री निवडणाऱ्या बाया, तलावावरचं धुणं, अशी त्यांची चित्रं घराघरांत टांगलेली होती, पण ती कोणाची, हे गाव विसरलं होतं.

अडचण अशी, की एकाही चित्रावर सही नव्हती. बाईंचे यजमान ड्रॉइंग मास्तर. तेव्हा चित्रं त्यांचीच, असं प्रदर्शनाच्या समितीतल्या वजनदार मंडळींनी ठरवूनही टाकलं. बाईमाणूस म्हटलं की रांगोळी, एवढीच आमची झेप. मीही गप्प बसलो, त्याची मला अजून लाज वाटते.

हा फ्रेमवाला मात्र आमंत्रण नसताना बैठकीत आला.

"चित्रं बाईचीच हाय. सही होती. मीनंच कापली."

"अहो, पण का?"

"कॅलेंडरखाली दुकानाची जाहिरात राहते ना जी? ते पट्टी कापूनच आम्ही फ्रेम बसवतो. हाताले सवय. बाईच्या चित्रालेबी तशीच कात्री लावली. त्या काही बोलल्या नाही, मले वाटलं चालते."

त्यानं ते लिहूनही दिलं. फ्रेमवाल्यानं असं लिहून देणं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं. पण फलकावर बाईंचं नाव लागलं.

उद्घाटनाला तो इस्त्रीचा सदरा घालून आला. बाईंची मुलगी त्याच्याजवळ गेली. तिला त्याचं ओझं हलकं करायचं होतं.

"काका, तुम्ही कापल्या त्या पहिल्या दोन-तीनच. पुढे आईनं सही करणंच सोडलं. म्हणायची, कापूनच टाकतात, तर करू कशाला?"

 तो एकेका चित्रापुढे वाकून खालचा कोपरा बघत गेला. शेवटच्या चित्रापाशी हळूच म्हणाला, "एक डाव तुमी मले रागवाले पाह्यजे होतं, बाई."

प्रदर्शन आठ दिवस चाललं. तो पुन्हा आला नाही.