गव्हातल्या गोळ्या

परतीचा पाऊस आठ दिवस हलायला तयार नव्हता. मी शिकवते त्या शाळेला शनिवारी सुट्टी होती, दुसऱ्या दिवशी रविवार. दोन दिवस घरात बसायचं, चांगलंचुंगलं करून खायचं आणि लोळायचं, एवढाच माझा बेत होता. त्या दोन दिवसांत माझी सात वर्षांची लेक माझ्याच हातानं जाता जाता राहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं धपाटे आणि वरणफळं येतील आणि कुणाला वाटेल, काय मजेत होत्या बाई.

जालन्यात आमचं घर तीन खोल्यांचं. मागच्या खोलीत एक पलंग आणि त्याला अगदी खेटून गव्हाची पाच पोती. सासरे दर उन्हाळ्यात केदारखेड्याहून वर्षाचा गहू पाठवतात. शेत असलेल्या माणसाच्या लेकानं शहरात दुकानातून गहू आणला तर गावात बापाची मान खाली जाते, असं आमच्यात आहे. माणसांनी सरकून झोपायचं, पण गहू घरचाच. आणि त्या गव्हाला औषध लावायचं नाही, हा सासऱ्यांचा कडक नियम. कडुनिंबाचा पाला घालायचा, ऊन दाखवायचं, बस.

आता ऊन आणू कुठून? गव्हात सोंडे, ते काळे बारीक किडे, झाले होते, आणि नवरा जेवताना दोनदा म्हणाला होता की पोळीत काहीतरी काळं दिसून राह्यलंय. माझं डोकंच फिरलं. माझ्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं की मला सोसत नाही, लग्नाआधीपासूनची खोड आहे ही. शुक्रवारी शाळेतून येताना धान्यात टाकायच्या गोळ्या आणल्या. शनिवारी सकाळी नवरा दूध आणायला गेला तेवढ्यात त्या फडक्यात बांधून पाचही पोत्यांत खुपसल्या आणि तोंडं सुतळीनं आवळली. त्याला सांगितलं नाही. त्यानं सासऱ्यांना सांगितलं असतं, आणि मग दिवाळीला गावी गेल्यावर माझा पंचनामा झाला असता.

माहेरी, आष्टीला, आई दरवर्षी अशाच गोळ्या टाकायची. फक्त तिचं धान्य असायचं अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत. गोळ्या टाकल्या की ती त्या खोलीला पंधरा दिवस कुलूप घालायची आणि आम्हा पोरांना तिकडं फिरकू द्यायची नाही. गोळ्या तेवढ्या माझ्या लक्षात राहिल्या, कुलपाचा पार विसर पडला. उलट पाऊस आत येतो म्हणून मी मागच्या खोलीची खिडकी घट्ट लावून घेतली आणि फटीत जुनं फडकं कोंबलं.

मग स्वयंपाकाला लागले. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला, दुपारी धपाटे आणि दही. सोबत लसणाची चटणी हवीच, ती मी खलबत्त्यात कुटली. बाहेर पाऊस, तव्यावर धपाटा, नवरा टीव्हीसमोर घोरतोय, असं सुख मला फार दिवसांनी मिळालं होतं. लेक मोबाइल घेऊन मागच्या पलंगावर लोळत होती. जरा वेळानं स्वयंपाकघरात आली.

"मम्मी, तिकडं लसणाचा वास येऊन राह्यलाय," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, घरात लसूण कुटल्यावर लसणाचाच येणार, अत्तराचा येईल का? ती हसली आणि परत तिकडंच गेली. त्या गोळ्यांच्या विषारी हवेला लसणासारखाच वास येतो हे मला नंतर मोठ्या दवाखान्यात कळलं.

संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. मी मोबाइल काढून घेतला. चार भजी खाल्ली आणि ओकली, तर हावरटासारखी खातेस म्हणून तिच्यावर ओरडले. तिचे हात गार लागत होते, पण पावसात सगळ्यांचेच गार होते. रात्री सगळे पुढच्या खोलीत एकाच अंथरुणावर झोपलो. मागं झोपली असती तर सकाळी उठली नसती.

रविवारी ती मलूल होती. पाऊस आणखी वाढला होता, गल्लीत घोट्याएवढं पाणी. माझं डोकंही जड झालं होतं, ते मी हवेवर ढकललं. वरणफळं करायची ठरलीच होती. लेक पुढच्या खोलीत चुळबुळत होती, तर मीच तिला म्हटलं की मागं जाऊन पड, तिथं शांत आहे. मीच तिला पांघरूण घातलं आणि जाताना दार ओढून घेतलं. मग आरामात कणीक मळली, फळं कापली, वरणाला फोडणी दिली.

जेवायला बोलवायला गेले तर ती ओकारीतच पडली होती. ओठ पांढरे, श्वास भराभर. हाक मारली तर डोळे उघडले, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी तिला तशीच उचलली आणि ओरडूनच नवऱ्याला हाक मारली.

मोटरसायकलवर तिला दोघांच्या मध्ये घेतलं आणि भर पावसात जवळच्या दवाखान्यात नेलं. वाटेत गार वाऱ्यानं ती जराशी हुशारली. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. नवऱ्यानं सगळं सांगितलं, आणि बाहेरचं काहीच न्हाई, सगळं घरचंच, हेही सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, घरात उंदराचं, ढेकणाचं, धान्याचं कसलं औषध आहे का? नवरा म्हणाला, आमच्या घरात औषध बिलकुल न्हाई. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

मग अन्न बाधलंय, असं ठरलं. एक इंजेक्शन दिलं, अर्धा तास बसवून ठेवलं. मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, हवा गार आहे, दारंखिडक्या लावून नीट झोपू द्या.

नवऱ्यानं तिला खांद्यावर घेतलं. "मागच्या खोलीतच झोपवू हिला," तो दाराकडं जाताना म्हणाला. "तिथं कसला गलका न्हाई."

"तिथं नको," मी म्हटलं. "गव्हात गोळ्या टाकल्यात मी."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. त्यांनी स्वतः फोन करून मोठ्या दवाखान्यात कळवलं. यावर उतारा नाही, तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तिचं हृदय किती तग धरतं ते बघायचं. ऑक्सिजनची नळी लावून ती दोन दिवस पडून होती. पाचव्या दिवशी ती चालत घरी आली.

केदारखेड्याहून सासरे आले. आता ते बोलतील, बोलावंच त्यांनी, असं मला वाटत होतं. पण ते म्हणाले, चूक झाली, पण तुला ऐन वेळेला आठवलं म्हणून माझी नात वाचली. नवरा आल्यागेल्याला अजून हेच सांगतो आणि मी खाली बघून ऐकून घेते.

मला आठवलं-बिठवलं काही नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच माझ्या जिभेवर आलं होतं. सासऱ्यांना भिऊन मी नाही म्हणाले, आणि नवऱ्यानं लेकीला उचलून दारापर्यंत नेलं तोवर गप्प बसले.