लीलाबाईचा गिअर

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या आकारामनं मोटरसायकलला डावीकडं साइडकार जोडून घेतली आणि तिच्यात बायकोला, लीलाबाईला, बसवून तो ऐटीत पलूसच्या बाजाराला जाऊ लागला. पण गाडी जरा पळाली की गिअर आपोआप खाली उतरायचा आणि दोघांनाही जोराचा हिसका बसायचा. मेकॅनिकनं गिअरबॉक्स दोनदा खोलला, तरी दोष सापडेना. आकाराम एकटा असला की गाडी शहाण्यासारखी चालायची.

शेवटी एकदा त्यानं चालत्या गाडीवरच पायाकडं वाकून बघितलं. लीलाबाई छत्रीच्या टोकानं गिअर दाबत होती!

"अगं, ह्ये काय?"

"आवं, हळू चला म्हटलं तर तुमी कवा ऐकलंय?"

आकारामला हसू आवरेना. आता तिनं छत्री सरसावली की तो मुकाट्यानं क्लच दाबतो.